जुनी मोटार निवडतांना

मध्यम स्थितींतील कुटुंबानें मोटार बाळगावी किंवा नाहीं, हा वाद आतां जवळजवळ मिटला आहे. एके काळीं दारांत मोटार उभी असणें हें डॉक्टर, वकील किंवा कारखानदार यांचें लक्षण मानलें जाई. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुती ८०० ही लहान गाडी रस्त्यावर आली, आणि तेव्हांपासून मोटारीचें स्थान हळूहळू पालटत गेलें. वृद्ध आईला दवाखान्यांत न्यावयाचें असतें, भर पावसांत मुलांना शिकवणीस पोंचवावयाचें असतें, दिवाळींत चार माणसांना गांवीं जावयाचें असतें. अशा घरीं मोटार ही चैन नसून सोय ठरते. परंतु सोय झाली म्हणून ती सर्वांच्या आवाक्यांत आली, असें मात्र नाहीं. त्यामुळें पुष्कळ कुटुंबांची दृष्टि दुसऱ्यानें वापरलेल्या गाडीकडे वळते, आणि खऱ्या अडचणीस तेथूनच आरंभ होतो.

नवी गाडी घेणारा मनुष्य एक जात निवडतो. जुनी गाडी घेणाऱ्यास एक व्यक्ति निवडावी लागते. कारखान्यांतून एकाच दिवशीं बाहेर पडलेल्या दोन गाड्या अगदीं सारख्या असतात. पण पांच-सहा वर्षांनंतर त्यांच्यांत दोन सख्ख्या भावांइतका फरक पडलेला असतो. एकीचें तेल वेळच्या वेळीं बदललेलें असतें, ती सावलींत उभी राहिलेली असते. दुसरीनें खड्ड्यांचे रस्ते, नवशिके हात व उधारीची दुरुस्ती हींच पाहिलेलीं असतात. रंग मात्र दोघींचाही चकचकीत असतो, कारण विक्रीपूर्वीं रंगास उजाळा देणें हें सर्वांत स्वस्त काम आहे. म्हणून "कोणती गाडी चांगली?" हा नेहमींचा प्रश्न अपुरा आहे. "हीच गाडी, याच माणसाकडून, या किंमतीस घेतली, तर पुढील पांच वर्षें ती आपणांस पोसवेल काय?" हा पुरा प्रश्न होय.

उदाहरणार्थ, पुण्यांतील एखाद्या कुटुंबानें चार लाख रुपये शिल्लक टाकले आहेत, असें समजावें. घरांत पतिपत्नी, दोन मुलें व गुडघे दुखणारी आजी. वर्षाकाठीं गाडीची धांव सहा हजार किलोमीटर. त्यांच्यापुढें तीन गाड्या आहेत. पहिली दहा वर्षांची, लांबरुंद, मोठ्या डिकीची पेट्रोल गाडी. नवी असतांना ती याच कुटुंबास स्वप्नांतही परवडली नसती, आज मात्र ती चार लाखांस मिळते. दुसरी आठ वर्षांची डिझेल गाडी. किंमत तीच, आणि ॲव्हरेज फार चांगलें, असा विकणाऱ्याचा आग्रह. तिसरी पांच वर्षांची, लहान, साधी, शेजाऱ्यांनीं मान वळवून पाहूं नये अशी पेट्रोल गाडी. किंमत साडेतीन लाख. मुलांचें मत पहिलीकडे, वडिलांचें दुसरीकडे, आणि आईचें अद्याप कोणी विचारलेलें नाहीं.

आतां हिशोबाची वही उघडावी. पहिली गाडी शहरांत लिटरास बारा किलोमीटर चालते व तिसरी अठरा, असें धरलें, तर सहा हजार किलोमीटरांस पहिलीला ५०० लिटर आणि तिसरीला सुमारें ३३३ लिटर पेट्रोल लागेल. सोयीसाठीं लिटरचा भाव शंभर रुपये धरला, तरी वर्षाकाठीं सोळा-सतरा हजारांचा फरक पडतो. पांच वर्षांत तो ऐंशी हजारांच्या पुढें जातो. मोठ्या गाडीचे टायर महाग, ब्रेकचे भाग महाग, एखादा दिवा फुटला तर तोही महाग. गाडीची किंमत वयाप्रमाणें उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं. बारा लाखांची गाडी चार लाखांस मिळाली, तरी तिची दुरुस्ती बारा लाखांच्या गाडीचीच राहते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जणूं जुन्या मोटारींच्या बाजारासाठींच निघाली असावी.

डिझेलचा मोहही असाच तपासून पाहावा. दुसरी गाडी लिटरास वीस किलोमीटर चालली व डिझेलचा भाव नव्वद धरला, तर वर्षाचें इंधन सत्तावीस हजारांचें होतें. तिसऱ्या गाडीचें तें तेहतीस हजारांचें होतें. म्हणजे बचत वर्षास सहा हजारांच्या आसपास. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदां बिघडला, तर तीन-चार वर्षांची ही बचत एका बिलांत जाते. रोज साठ-सत्तर किलोमीटर धांवणाऱ्या माणसास डिझेल परवडतें. भाजी, शाळा व दवाखाना एवढेंच ज्याचें जग, त्यास तें परवडत नाहीं. त्यांतही १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. लांबच्या धांवेंत ती तापते व सांचलेली काजळी जळून जाते. गाडीच्या नशिबीं नेहमीं दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या आल्या, तर ती तुंबते, आणि तिची दुरुस्ती स्वस्त नसते.

वयाचाही विचार येथेंच करावा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें, आणि महाराष्ट्रांत पंधरा वर्षांवरील गाडीवर पर्यावरण करही द्यावा लागतो. दहा वर्षांची गाडी घेणारें कुटुंब पांच वर्षांनीं नेमकें या उंबरठ्यावर येऊन उभें राहतें, आणि त्या वेळीं तिला गिऱ्हाईकही क्वचितच मिळतें. पांच वर्षांची गाडी घेतली, तर तेवढ्याच काळानंतर ती दहा वर्षांची होते व तिचे बऱ्यापैकीं पैसे येतात. खरेदीची किंमत उणें पुढें येणारी विक्रीची किंमत, ही खरी किंमत. इंधन, विमा व दुरुस्ती यांची बेरीज तिच्यावर करावयाची.

बाजारभाव ठरवितांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या मोटारींवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि त्यांच्या किंमती उतरल्या. विकणारा मनुष्य आपण पूर्वीं मोजलेली रक्कम सांगतो. घेणाऱ्यानें आजची नवी किंमत हातीं धरून बोलावें. जुनी व नवी यांच्यांत अंतर थोडें राहत असेल, तर जुनीचा आग्रह सोडणेंच बरें. तसेंच, हातांत चार लाख आहेत म्हणून चार लाखांची गाडी घेऊं नये. नांव बदलणें, विमा, बॅटरी, टायर व पहिली मोठी सर्व्हिसिंग यांसाठीं पन्नास-साठ हजार रुपये बाजूस ठेवावे, आणि उरतील तेवढ्यांतच गाडी शोधावी.

स्वस्ताईचें कारण विचारणें हाही एक नियम केला पाहिजे. जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस भारतांतील विक्री बंद केली, आणि फोर्डनें २०२१ सालीं येथील मोटार-उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें. या कंपन्यांच्या गाड्या वाईट होत्या, असें नाहीं. परंतु ज्या गाडीचा कारखाना बंद, तिचे भाग शोधण्यास वेळ लागतो व पुढें ती विकतांना भाव पडतो. ज्याच्या ओळखीचा कसबी मिस्त्री आहे, त्यानें ती खुशाल घ्यावी. ज्यास गाडी एक दिवस बंद राहिलेली चालत नाहीं, त्यानें रस्त्यावर विपुल दिसणारी गाडी घ्यावी. तिचे भाग गल्लोगल्लीं मिळतात.

पैशाहून मोठा असा एक प्रश्न मात्र या सौद्यांत पुष्कळदां विचारलाच जात नाहीं. अपघात झाला तर आंतील माणसें वांचतील काय? २०१४ सालच्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान गाड्यांची टक्कर-चांचणी प्रसिद्ध केली. एअरबॅग नसलेल्या त्या पांचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. त्यांतीलच फोक्सवॅगन पोलो ही गाडी पुढें दोन एअरबॅगांसह तपासली गेली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. त्यानंतर कायदा बदलत गेला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग, पट्टा लावण्याची आठवण देणारा इशारा व मागें घेतांना अडथळा कळविणारें साधन हीं सक्तीचीं झालीं. चाकें न अडकूं देणारी एबीएस ब्रेकपद्धत त्याच सालच्या एप्रिलांत आली. आणि चालकाशेजारच्या माणसाची एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून सर्वच नव्या गाड्यांत आवश्यक झाली. म्हणून गाडीच्या नोंदणी-पुस्तकावरील उत्पादनाचा महिना व साल हे केवळ वय सांगणारे आकडे नव्हेत. दोन वर्षें जुनी गाडी घेऊन चाळीस हजार वाचत असतील, तर त्या चाळीस हजारांत काय सोडून दिलें, तें घरांतील सर्वांना ठाऊक असावें. शेजारच्या बैठकीवर बहुधा मुलांची आईच बसते.

याप्रमाणें जात ठरली, म्हणजे व्यक्तीची परीक्षा. गाडी पाहण्यास दिवसाउजेडीं, शक्यतों सकाळीं जावें, आणि ती आधीं सुरू करून ठेवूं नये असें मालकास कळवावें. गार इंजिन खरें बोलतें. तापलेलें इंजिन पुष्कळ दोष लपवितें. सुरू होतांना निळसर धूर निघाला, तर इंजिनांत तेल जळत आहे असें समजावें. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाहीं, तर थंडाव्याचें पाणी आंत शिरत असल्याची शंका घ्यावी. तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस सायीसारखा दुधाळ थर दिसला, तर ही शंका बळावते. मग गाडी चढावर, खडबडीत रस्त्यावर व गर्दींत चालवून पाहावी, आणि त्या वेळीं रेडिओ बंद ठेवावा. आजीलाही एकदां आंत बसवावें व उतरवावें. ज्या गाडींत तिला चढतां येत नाहीं, ती तिच्यासाठीं घेतली असें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

मीटरचा आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तो मागें फिरवितां येतो, म्हणून इतर साक्षीदारांशीं त्याचा मेळ घालावा. प्रत्येक टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन साल दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला टायर. पांच वर्षांच्या गाडीचें मीटर पंचवीस हजार दाखवीत असेल आणि चारही टायर वर्षभरापूर्वींचे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर कोठें झिजले, हें विचारावें. पायाखालचीं रबरें गुळगुळीत व चाकाचें कातडें झिजलेलें असेल, तर तीही मीटरविरुद्ध साक्ष होय. कांचांवर उत्पादनाच्या सालाच्या खुणा असतात. सर्व कांचा एका सालच्या व एकच निराळी असेल, तर ती कां बदलली, हेंही विचारावें. अधिकृत सर्व्हिस केंद्राच्या नोंदींत प्रत्येक भेटीची तारीख व किलोमीटर असतात. त्या नोंदी दाखविण्यास जो कांकूं करतो, त्यानें आपलें उत्तर दिल्यासारखेंच आहे.

महाराष्ट्रांत पुराच्या पाण्याची परीक्षा विशेष अगत्याची आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईंत असंख्य मोटारी बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीकडे पूर आला. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर शिंपडून दुसऱ्या शहरांत विकावयास येते. तिच्या विजेच्या तारांत शिरलेला ओलावा मात्र महिन्यां-महिन्यांनीं डोकें वर काढतो. यासाठीं बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याचें टोंक धुण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं, आणि चिखलाची रेषा तेथें राहून जाते. पायाखालचा गालिचा उचलावा, स्टेपनी काढून तिच्या खोबणींत गंज किंवा गाळ आहे काय तें पाहावें, आणि बंद गाडीचें दार उघडतांच येणारा पहिला वास ध्यानांत ठेवावा.

एवढें झाल्यावर गाडी आपल्या मिस्त्रीस दाखवावी. विकणाऱ्यानें सुचविलेल्या मिस्त्रीस नव्हे. पद्मिनीच्या काळीं चांगल्या कानाचा कारागीर आवाजावरून रोग ओळखी. आतां गाडीच्या पोटांत संगणक बसला आहे, आणि त्यानें टिपून ठेवलेले बिघाड वाचणारें लहानसें यंत्र चांगल्या गॅरेजांत असतें. त्या तपासणीस लागणारे थोडेसे रुपये वाचविणें, यासारखी दुसरी उधळपट्टी नाहीं.

शेवटीं कागद. गाडी रस्त्यावर चालते, पण ती मालकीची होते ती कागदावर. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणी-पुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी, विमा, थकलेले दंड व कर्जाचा बोजा यांची स्थिति पाहतां येते. बोजा असेल, तर बँकेचा दाखला व पस्तीस क्रमांकाचा अर्ज यांवांचून पैसे देऊं नयेत. मालकी बदलण्यासाठीं एकोणतीस व तीस क्रमांकांचे अर्ज लागतात, आणि गाडी दुसऱ्या राज्यांतील असेल, तर अठ्ठावीस क्रमांकाचा नाहरकत दाखला व येथील कर यांची जोड त्यांस मिळते. दूरच्या राज्यांतील स्वस्त गाडी घरीं येईपर्यंत कित्येकदां स्वस्त राहत नाहीं, ती याचमुळें. मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते. विम्याच्या कंपनीसही घेणाऱ्यानें चौदा दिवसांत कळवून विमा आपल्या नांवें करून घ्यावयाचा असतो. विकणाऱ्यानें वर्षानुवर्षें मिळविलेला नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाहीं, तो त्याच्याचपाशीं राहतो. तेव्हां विम्याचा पहिला हप्ता वाढून येईल, हें आधींच धरून चालावें.

या बाबतींत विकणाऱ्याचा धोका घेणाऱ्याहून कमी नाहीं. कोऱ्या अर्जांवर सह्या करून गाडी दलालाच्या हवालीं करावयाची आणि पैसे मोजून घरीं यावयाचें, ही पद्धत आपल्याकडे फार रूढ होती व अद्याप सर्वस्वीं गेलेली नाहीं. ती गाडी मग दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते. नोंदणींत नांव मात्र पहिल्याचेंच राहतें. अशा गाडीखालीं कोणी सांपडलें, तर भरपाईचें उत्तरदायित्व नोंदणींत नांव असलेल्या मालकावर येतें, असा निर्णय २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला आहे. गाडी आपण कधींच विकली, ही सबब त्यापुढें टिकत नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचें प्राधिकारपत्र घ्यावें लागतें, आणि गाडी त्यांच्या ताब्यांत गेल्याची वर्दीही रीतसर देतां येते. तें पत्र दाखविण्यास सांगण्यांत संकोच कसला?

आतां त्या कुटुंबाच्या तीन गाड्यांकडे परत वळावें. हिशोब तिसरीच्या बाजूनें आहे. तिच्यांत आजीलाही चढतां येतें, आणि पन्नास हजार रुपये हातीं उरतात. परंतु मिस्त्रीनें जर सांगितलें कीं, पट्ट्याच्या टोंकाशीं चिखल आहे, तर ती तिसरीही सोडावी आणि चौथीची वाट पाहावी. हाच या सर्व व्यवहारांतील अवघड भाग होय. मुलांनीं एकदां मागच्या बैठकीवर बसून खिडक्या खालींवर केल्या, शेजारी पेढे कधीं म्हणून विचारूं लागले, कीं दोष दिसूनही डोळे मिटून घेण्याची बुद्धि होते. यास्तव गाडी पसंत ठरेपर्यंत मुलांना घरीं ठेवावें, बयाणा खिशांतच राहूं द्यावा, आणि "नको" हा शब्द तोंडांत तयार ठेवावा. नाकारलेल्या गाडीनें कोणाचें नुकसान होत नाहीं. बाजारांत जुन्या गाड्यांना तोटा नाहीं. पै पै करून सांठविलेले चार लाख रुपये मात्र मध्यम स्थितींतील घरांत पुन्हां लवकर सांचत नाहींत.